पहिल्या एफए कपची भाग्यपत्रिका कशी मांडायची

एकतीस वर्षं मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. बाद पद्धतीची स्पर्धा आली की ड्रॉइंग शीट, फूटपट्टी आणि संघांची यादी न सांगता माझ्या टेबलावर येऊन पडायची. त्यामुळे निवृत्तीनंतर इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा पहिला हंगाम, १८७१-७२चा, एका कागदावर मांडायचं ठरवलं तेव्हा वाटलं, संघ पंधराच तर आहेत, चहा गार व्हायच्या आत होईल. तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या फेरीपाशी खोडून खोडून कागदाला भोक पडलं आणि मग मी ते सगळं बाजूला ठेवून नव्या रीतीने मांडलं. ती रीत इथे सांगतो. तुमचा कागद तरी वाचेल.

माझी पहिली चूक आधी सांगतो, कारण तुम्हीही तीच करणार. आपल्या हाताला झाड काढायची सवय असते, म्हणजे दोन-दोन संघांच्या फांद्या जुळत जुळत शेवटी एका विजेत्यापाशी येणारी आकृती. संघ पंधरा, पुढचा दोनाचा घात सोळा, म्हणजे एका संघाला पुढे चाल, न खेळताच पुढच्या फेरीत. पहिल्या फेरीत सात सामने, दुसऱ्या फेरीत आठ संघ, मग चार, मग दोन, मग करंडक. डोळे मिटून काढता येतं. त्या हंगामात प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या फेरीनंतर उरले दहा. दहाचे झाले पाच. पाचाचे झाले चार. बाद पद्धतीत पाचातून चार उरतात हे मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. हे आकडे झाडात बसवायला गेलात तर फांद्या एकमेकींत घुसतात.

म्हणून झाड काढू नका. उभा तक्ता करा. डावीकडे पंधरा संघांची नावं एकाखाली एक, वर फेऱ्यांचे पाच रकाने, आणि अगदी उजवीकडे एक रुंद रकाना: ‘कसा बाहेर पडला’. सगळी मेहनत या शेवटच्या रकान्यासाठी आहे. प्रत्येक सामन्याला ‘कोण जिंकलं’ असं विचारत बसाल तर अडकाल, कारण कित्येक सामने झालेच नाहीत आणि झालेल्या काहींत कोणीच जिंकलं नाही. प्रत्येक संघाला मात्र ‘बाबा, तू बाहेर कसा पडलास’ एवढंच विचारलं तर उत्तर मिळतंच. मैदानावर हरला असेल तर लाल पेन्सिल, माघार घेतली असेल तर निळी. बाकी सगळं साध्या शिसपेन्सिलीने.

आता नावं लिहा. बार्न्स, सिव्हिल सर्व्हिस, क्लॅपहम रोव्हर्स, क्रिस्टल पॅलेस, डॉनिंग्टन स्कूल, हॅम्पस्टेड हीदन्स, हॅरो चेकर्स, हिचिन, मेडनहेड, मार्लो, क्वीन्स पार्क, रायगेट प्रायरी, रॉयल इंजिनिअर्स, अप्टन पार्क, वाँडरर्स. मोजून पंधरा झाले का पाहा. माझे पहिल्यांदा चौदाच भरले होते, रायगेट प्रायरी सुटलं होतं. त्यांनी एकही सामना खेळला नाही, त्यामुळे निकालांच्या यादीवरून नावं उतरवणाऱ्याच्या हातून ते हमखास सुटतात. नावं प्रवेशिकांवरून घ्यावीत, निकालांवरून घेऊ नयेत. शाळेच्या स्पर्धांत हे मी शंभर वेळा इतरांना बजावलं होतं.

नावं लिहितानाच त्यांच्या फसवणुकीचाही बंदोबस्त करून टाका. वाँडरर्स म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टन नव्हे आणि बोल्टनही नव्हे. हा लंडनचा संघ, मोठ्या पब्लिक स्कूलांतून, म्हणजे तिथल्या श्रीमंतांच्या खासगी शाळांतून, शिकून बाहेर पडलेल्या तरुणांचा. १८५९ साली फॉरेस्ट क्लब म्हणून सुरू झाला आणि १८६४ साली वाँडरर्स झाला. स्वतःचं मैदान नाही, म्हणून नाव भटक्यांचं. अप्टन पार्क या नावाने आपल्याला वेस्ट हॅमचं जुनं मैदान आठवतं, पण हा क्लब वेगळा. क्रिस्टल पॅलेसपुढे मी कंसात १८६१ लिहितो, कारण त्याच नावाचा आजचा व्यावसायिक क्लब १९०५ साली उभा राहिला. रॉयल इंजिनिअर्स हा चॅटमच्या लष्करी अभियंत्यांचा संघ. बार्न्स हा इबेनेझर मॉर्लेचा क्लब. १८६३ साली फुटबॉल असोसिएशनचे पहिले नियम लिहिण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो हा मॉर्ले. क्वीन्स पार्क ग्लासगोचा, डॉनिंग्टन स्कूल लिंकनशरमधल्या स्पॉल्डिंगजवळचं. हे दोन सोडले तर बाकीचे सगळे लंडन आणि आसपासचे. या दोन नावांखाली आत्ताच एक रेघ मारून ठेवा, पुढे लागेल.

रकाने भरण्याआधी एक नियम कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी डोकं धराल. सामना बरोबरीत सुटला तर दोन्ही संघांना पुढच्या फेरीत घ्यायचं की फेरसामना खेळवायचा, हे असोसिएशनची समिती ठरवेल. एवढाच नियम. जादा वेळेची सक्ती नाही, आणि पेनल्टी किक तर खेळात आली १८९१ साली. सामना कुठे नि कधी खेळायचा हेही बरंचसं त्या दोन क्लबांनी आपसात ठरवायचं. माझ्या काळात दोन शाळांना मैदान आपसात ठरवायला सांगितलं असतं तर स्पर्धा संपायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं असतं. इथेही एका जोडीचं तेच झालं.

पहिली फेरी. तारीख ११ नोव्हेंबर १८७१. सात जोड्या आणि एकाला पुढे चाल, इथपर्यंत आपला हिशेब बरोबर आहे. चाल मिळाली हॅम्पस्टेड हीदन्सना. पण सातपैकी मैदानात उतरल्या चारच जोड्या. बार्न्सने सिव्हिल सर्व्हिसला २-० हरवलं, मेडनहेडने मार्लोला २-०, क्लॅपहम रोव्हर्सने अप्टन पार्कला ३-०. हरलेल्या तिघांच्या शेवटच्या रकान्यात लाल. क्लॅपहमच्या रांगेत बारीक अक्षरात जार्व्हिस केन्रिक हे नाव लिहा, या स्पर्धेतला पहिला गोल त्याच्या नावावर आहे. चौथा सामना क्रिस्टल पॅलेस आणि हिचिनचा, ०-०. दोघेही पुढे. लाल नाही, निळी नाही, दोघांच्या रांगेत नुसता बाण.

उरलेल्या तीन जोड्या कागदावरच्या. हॅरो चेकर्सने वाँडरर्सविरुद्ध माघार घेतली, रायगेट प्रायरीने इंजिनिअर्सविरुद्ध. दोघांना निळी. आणि आपण ज्यांच्या खाली रेघ मारली ते क्वीन्स पार्क आणि डॉनिंग्टन स्कूल नेमके एकमेकांसमोर आले. एक स्कॉटलंडमध्ये, दुसरं लिंकनशरमध्ये. मैदान ठरेना. समितीने दोघांनाही पुढे ढकललं.

इथे थांबून मोजा. लाल तीन, निळ्या दोन, म्हणजे पाच बाहेर. पंधरातून पाच गेले, दहा उरले. झाडाप्रमाणे आठ उरायला हवे होते. दोन जादा कुठून आले तेही दिसतंय: एक हिचिनच्या बरोबरीतून, एक न ठरलेल्या मैदानातून. मी झाड काढून बसलो होतो तेव्हा हे दोन संघ कुठून उगवले ते शोधण्यात पहिली संध्याकाळ गेली.

दुसरी फेरी सोपी आहे, लवकर उरका. पाच जोड्या, पाच बाहेर. वाँडरर्सने क्लॅपहमला बाद केलं, पॅलेसने मेडनहेडला, इंजिनिअर्सनी हिचिनला. क्वीन्स पार्क आणि डॉनिंग्टन पुन्हा एकमेकांसमोर! या वेळी डॉनिंग्टनने माघार घेतली, निळी. राहिले बार्न्स आणि हीदन्स. सामना १-१. आता तुम्ही म्हणाल, दोघेही पुढे. नाही, समितीने या वेळी फेरसामना खेळवला आणि हीदन्सनी तो १-० जिंकला. या स्पर्धेच्या इतिहासातला हा पहिला फेरसामना. त्यामुळे त्या चौकोनाला तिरकी रेघ मारून दोन भाग करा आणि दोन्ही निकाल लिहा. नुसता दुसरा लिहिलात तर सामन्यांची बेरीज पुढे चुकेल.

तिसऱ्या फेरीत माझा कागद फाटला, तेव्हा इथे सावकाश. संघ पाच: वाँडरर्स, पॅलेस, इंजिनिअर्स, हीदन्स, क्वीन्स पार्क. पाच हा विषम आकडा, एकाला चाल द्यावी लागणार, ती गेली क्वीन्स पार्कला. दोन सामने. इंजिनिअर्सनी हीदन्सना हरवलं, लाल. वाँडरर्स आणि पॅलेसचा सामना ०-०, आणि समितीने दोघांनाही उपांत्य फेरीत घेतलं. म्हणजे आख्ख्या फेरीत बाहेर पडला एकच संघ.

माझा एक जुना विद्यार्थी हल्ली स्वतः स्पर्धा भरवतो. त्याला हा कागद दाखवला. तो म्हणाला, “सर, हे तर सरळ सरळ वशिल्याचं दिसतंय. बार्न्सला पुन्हा खेळायला लावलं आणि वाँडरर्सना तसंच सोडलं.” संशय येणं साहजिक आहे. वाँडरर्सचा कर्णधार चार्ल्स अल्कॉक, तोच असोसिएशनचा सचिव, आणि २० जुलै १८७१ला ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत या कपाचा ठराव मांडणाराही तोच. मी त्याला म्हटलं, “अरे, आधी आकडा बघ.” फेरसामना झाला असता तर उरले असते तीन. तिघांची उपांत्य फेरी कशी लावणार? पुन्हा एकाला चाल द्यायची आणि त्याने थेट अंतिम सामन्यात जाऊन बसायचं. दोघांना घेतलं की होतात चार. दोन सरळ उपांत्य सामने, कटकट मिटली. दुसऱ्या फेरीतही तोच हिशेब लावून पाहा: बार्न्स आणि हीदन्स दोघांना घेतलं असतं तर सहा झाले असते आणि पुढे तीनचा घोळ ठरलेला. अल्कॉकच्या मनातलं मी कोण सांगणार, पण त्याच्या जागी फूटपट्टी घेऊन मी बसलो असतो तर मीही हेच केलं असतं. विद्यार्थ्याला ते पटलं नाही. तुमच्या कागदावर काय शेरा मारायचा ते तुम्ही ठरवा.

उपांत्य सामने लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर. आता क्वीन्स पार्कची रांग डावीकडून उजवीकडे वाचत या. पहिली फेरी: मैदान ठरलं नाही. दुसरी: समोरच्याची माघार. तिसरी: चाल. एकही सामना न खेळता संघ उपांत्य फेरीत! हसू नका, ग्लासगोहून लंडन सुमारे चारशे मैल आहे. तेव्हाच्या हौशी क्लबाला ही एक खेपसुद्धा जड होती, तिच्या भाड्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली. मार्चच्या सुरुवातीला ते आले, वाँडरर्सशी खेळले आणि ०-० बरोबरी करून बसले. फेरसामन्यासाठी लंडनला राहायचं किंवा परत यायचं तर पैसे नव्हते. माघार. निळी पेन्सिल. संपूर्ण स्पर्धेत एक सामना, गोल केला नाही, गोल खाल्ला नाही, हार नाही, आणि तरी बाहेर. कपाच्या खरेदीसाठी याच क्लबाने एक गिनी, म्हणजे एक पौंड एक शिलिंग, दिली होती, आणि कपाची सगळी किंमत होती वीस पौंडांच्या आसपास. तो एक गिनी मी त्यांच्या रांगेच्या शेवटी लिहून ठेवला आहे.

दुसरा उपांत्य सामना पॅलेस आणि इंजिनिअर्सचा. तोही ०-०, पण इथे फेरसामना झाला आणि इंजिनिअर्सनी तो ३-० जिंकला. पॅलेसला लाल. पुन्हा तिरकी रेघ, दोन निकाल.

अंतिम सामना १६ मार्च १८७२, ओव्हलवरच. तिकीट एक शिलिंग, प्रेक्षक सुमारे दोन हजार. लोकांचा अंदाज इंजिनिअर्सच्या बाजूने होता. ते एकमेकांकडे चेंडू देत संघ म्हणून खेळायचे, आणि तेव्हा बाकीच्यांची रीत अशी की चेंडू पायाला चिकटवून एकट्याने घुसायचं. पण सुरुवातीच्या दहाएक मिनिटांतच त्यांच्या लेफ्टनंट एडमंड क्रेसवेलचं गळपट्टीचं हाड मोडलं. बदली खेळाडूची सोय नाही. तो एका कडेला सरकून शेवटपर्यंत खेळत राहिला. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास वाँडरर्सचा गोल झाला आणि तोच शेवटचा. १-०. तक्त्यात गोलाची वेळ लिहिणार असाल तर पूर्वार्ध-उत्तरार्ध असे भाग पाडू नका, नुसता मिनिट लिहा. त्या काळी गोल झाला की तिथल्या तिथे संघ बाजू बदलत. दोन खांबांच्या वर आडव्या दांडीऐवजी फीत ताणलेली असे.

आता तपासणी. ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं फुकट. बाद स्पर्धेत कितीही गोंधळ होऊ दे, विजेता सोडून प्रत्येक संघ एकदाच बाहेर पडतो. पंधरा संघ, म्हणून चौदा खुणा. पहिल्या फेरीत पाच, दुसरीत पाच, तिसरीत एक, उपांत्य दोन, अंतिम एक. जुळलं. त्यांत निळ्या चार: हॅरो चेकर्स, रायगेट, डॉनिंग्टन, क्वीन्स पार्क. लाल दहा. दुसरी तपासणी सामन्यांची. दहा लाल म्हणजे निकाली दहा सामने. बरोबरीचे पाच: पॅलेस-हिचिन, बार्न्स-हीदन्स, वाँडरर्स-पॅलेस, वाँडरर्स-क्वीन्स पार्क, पॅलेस-इंजिनिअर्स. एकूण पंधरा. आता फेऱ्यांप्रमाणे मोजा: चार, पाच, दोन, तीन, एक. पंधराच. दोन्ही वाटांनी तोच आकडा आला की पेन उचलायला हरकत नाही. मला पहिल्यांदा तेरा आले होते, कारण तिरक्या रेघा मारल्याच नव्हत्या.

गोलसंख्या मात्र पेनाने लिहायची घाई करू नका. कोण बाहेर पडलं यावर तक्ता उभा राहतो, गोलांचे आकडे नंतर सावकाश भरता येतात.

तक्ता पुरा झाला की वाँडरर्सची रांग मोठ्याने वाचा. समोरच्याची माघार, विजय, बरोबरी, बरोबरी, विजय. कप उचलणाऱ्या संघाने सामने जिंकले दोन. हरलेल्या इंजिनिअर्सनी जिंकले तीन. हे वाचून दाखवल्यावर माझ्या त्या विद्यार्थ्याने नुसती मान हलवली.

एक ठिपक्यांची रेघ अजून मारायची आहे. अंतिम सामन्यात गोल करणाऱ्याचं नाव खेळाडूंच्या यादीत ‘ए. एच. चेकर’ असं होतं. अशा नावाचा कोणी नव्हता. तो होता मॉर्टन पेटो बेट्स, हॅरो चेकर्सचा खेळाडू, आणि हे टोपणनाव म्हणजे ‘एक हॅरो चेकर’. ज्या क्लबाने पहिल्या फेरीत वाँडरर्ससमोर माघार घेतली, त्याच क्लबाच्या माणसाने वाँडरर्सना कप मिळवून दिला. तेव्हा हॅरो चेकर्सच्या निळ्या खुणेपासून अंतिम सामन्याच्या चौकोनापर्यंत ठिपके काढा, चौकोनात पेनाने ‘ए. एच. चेकर’ आणि खाली पेन्सिलीने ‘बेट्स’ लिहा. ११ एप्रिलला पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये मॉर्लेच्या हस्ते कप देण्यात आला. शेजारी कपाचं चित्र चिकटवणार असाल तर जपून, मूळ कप १८९५ साली बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या काचेतून चोरीला गेला. आज दिसतो तो कप वेगळा.

हात बसला असेल तर दुसऱ्या कागदावर १८७२-७३ घ्या. संघ सोळा. सोळा म्हटल्यावर हात पुन्हा झाडाकडे वळेल, आवरा. गतविजेता थेट अंतिम सामन्यात आणि मैदानही तोच निवडणार, असा त्या वर्षी नियम होता, तेव्हा वाँडरर्सच्या रांगेत आधीचे सगळे रकाने कोरे राहतात. त्यांनी लिली ब्रिज निवडलं. २९ मार्च १८७३ला सामना सकाळीच उरकला, कारण त्याच दिवशी नौकांची शर्यत होती आणि लोकांना तीही पाहायची होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाला २-० हरवून कप वाँडरर्सनीच ठेवला. पंधरा खुणा व्हायला हव्यात, मोजून पाहा. क्वीन्स पार्कला त्या वर्षी प्रवासाचा विचार करून थेट उपांत्य फेरीत घेतलं होतं, समोर ऑक्सफर्ड. निळी पेन्सिल टोक काढून तयार ठेवा.